गळका माठ

मामंजींनी माझ्या तंबोऱ्याला उंबरठ्यातच अट घातली होती. हा धड आहे तोवर गा, फुटला की गाणं बंद, दुसरा येणार नाही. माझं माहेर कृष्णाकाठचं, तंबोरा वडिलांनी लग्नात दिलेला. जिंतूरच्या वैशाखात नव्या दारांनासुद्धा चिरा पडतात, तिथं तंबोऱ्याचा भोपळा किती टिकणार? मामंजींनी हो म्हटलं ते याच भरवशावर. हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा मी मनाशी म्हटलं, बघूच.

निजामाचं राज्य जाऊन दोन-तीन उन्हाळे झाले होते. कचेरीत साहेबाच्या दाराला वाळ्याचा पडदा असे आणि शिपाई दिवसभर त्यावर पाणी मारत बसे. तंबोऱ्याला ओलसर हवा मिळावी म्हणून तसला पडदा मागितला तर नवऱ्यानं हातच जोडले. मग मी माझ्या अकलेनं तंबोरा स्वयंपाकघरात दगडी रांजणाला टेकून ठेवला. आठ दिवसांत भोपळ्याचा सांधा सैल झाला. सुतारानं तो पुन्हा बसवून दिला. म्हणाला, सांधा सरसानं चिकटवलेला असतो, सरस कातडं उकळून करतात, ओल जास्त झाली की सुटणारच. सासूबाईंनी त्यातला ‘कातडं’ एवढाच शब्द ऐकला. त्यांनी रांजण उपसला, राखेनं घासला आणि सगळं पाणी विहिरीवरून मला पुन्हा आणायला लावलं. मी आणलं. माफी मात्र मागितली नाही.

म्हणजे कोरडं पडलं तर भोपळा फुटणार आणि ओल झाली तर सांधा सुटणार. मला बेताचा ओलावा हवा होता. आठवडी बाजारात बायका माठ वाजवून, पाणी भरून पारखत होत्या. कुंभारणीनं एक माठ बाजूला सारला होता. “बाई, त्यो नका घेऊ, लय गळका हाय,” ती म्हणाली. मी तोच घेतला.

माठ माझ्या खोलीत तिवईवर ठेवला, खाली परात, आणि समोरच्या कोपऱ्यात तंबोरा. खुंटीला उडदाचा कच्चा पापड टांगला. पापड वाकला तर ओल पुरेशी, कडकडीत झाला तर माठात पाणी घालायचं. शेजारणी पापड बघून हसायच्या. हसेनात का! सासूबाई मात्र हसत नव्हत्या. “मानसाला प्यायला पानी न्हाई, आन तू भोपळ्याला पाजायलीस,” त्या म्हणाल्या. त्यांचंही खोटं नव्हतं, विहीर तळाला गेली होती. मी माझ्या अंघोळीचं पाणी निम्मं केलं आणि माठ भरत राहिले.

तेवढ्यात पालमला नात्यातलं लग्न निघालं. चार दिवस जाणं भाग होतं. सासूबाई घरीच राहणार होत्या, त्यांना विनवलं की रोज दोन तांबे तेवढे माठात ओता. त्या गप्प राहिल्या. त्यांचं गप्प राहणं मी होकार समजले, ही माझी चूक.

परत आले तर माठ कोरडा ठणठणीत. पापड हात लावताच चुरा झाला, आणि भोपळ्याला बोटभर लांब भेग. मी जमिनीवर बसून रडले, खोटं कशाला सांगू.

मामंजी दारात आले. “फुटला न्हवं?” त्यांनी विचारलं, दूध नासलं का विचारावं तसं. त्या सुरानं माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. उन्हाळाभर मी एक भोपळा जपत होते. पण माझ्या गाण्याला अट घालणारे हे कोण, असं मी एकदाही विचारलं नव्हतं.

“फुटला, मामंजी,” मी म्हणाले. “पण गाणं मी बंद करणार नाही.”

दार उघडंच ठेवलं, तारा लावल्या आणि गायला बसले. भेगेपाशी भोपळा खरखरत होता. मामंजी काठी घेऊन बाहेर निघून गेले. सासूबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही, पण उठल्याही नाहीत. दुसऱ्या दिवशी सुतारानं भेगेत सरस आणि लाकडाचा भुसा भरला. त्यानंतर मी रोज गायले.

पुढच्या चैत्रात नवा माठ सासूबाईच घेऊन आल्या. “गळायलाय का बगूनच आनलाय,” म्हणाल्या. तिवईवर ठेवून त्यांनी स्वतः त्यात दोन तांबे ओतले, कातड्याच्या सरसाचा विटाळ नको म्हणून पदर सावरून, तंबोऱ्यापासून चार हात लांब उभ्या राहून.