अंगण मागू नका

अकोल्याच्या बसस्टँडवर शालूकाकूनं पिशवी खाली ठेवली आणि पुन्हा तेच विचारलं, "ए पोट्टी (पोरी), सांग ना वो, जावं का नाई?"

चिखलदऱ्याची खोली आधीच ठरली होती. मग त्या डोंगरात जमीन हलली. मोठं काही नव्हतं, पण शेजारणींच्या मोबाईलवर कुठल्या कुठल्या देशातल्या पडत्या इमारती 'चिखलदरा' म्हणून फिरत होत्या. आणि जायचं की नाही हे ठरवायचं कुणी? मी! का, तर मी लातूरची. तिकडच्या माणसाला भूकंप कळतो, असं इकडं पक्कं ठरलेलं आहे. अहो, लातूरच्या त्या मोठ्या भूकंपानंतर कितीतरी वर्षांनी मी जन्मले. मला एवढंच ठाऊक, की आई अजून दगडी भिंतीला पाठ टेकत नाही.

राग आला, पण काकूवर कसा काढू? आठवीत शाळा सुटलेली, इकडं ओळखीचं कुणी नाही, अशा मला तिनं शिलाईच्या दुकानात मशीन दिली, वरची खोली राहायला दिली. तिला डोंगर बघायची फार दिवसांची हौस. "जाऊ," मी म्हटलं. आता काही झालं तर माझ्या माथी.

अमरावतीला राजापेठेत काकूची बहीण शोभाताई सोबत आली, पुढं तिच्याच गाडीनं. ती शाळेत शिकवते. तिनं गिलावडा (दह्यातला ओला वडा) खाऊ घातला आणि वर म्हणाली, "हिच्या भरवशावर येऊन राहिली मी. काई झालं त पयले हिलेच धरीन." दोघी हसल्या. मी उरलेला वडा बाजूला सारला.

परतवाड्यानंतर घाट लागला. खाली साग, वर धुकं. रस्त्यात दगड दिसला की मी दरड शोधायची. वर पोचलो तर सगळं शुकशुकाट. कणीसवाल्या बाया विझल्या शेगडीपाशी बसलेल्या. लोकांनी मोबाईल बघून त्यांच्या पोटावर पाय दिला होता.

आमची खोली सोनाबाईकडं. कोरकू आदिवासी बाई, बोलणं कमी. तिनं कुटकीचा (बारीक भरडधान्याचा) भात आणि डाळ वाढली. आमची खोली धड होती. भेग पडली होती ती तिच्या स्वतःच्या घराला, कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत. म्हणून ती, सासू आणि दोन लेकरं अंगणात झोपत होती.

काकूनं ती भेग पाहिली आणि म्हणाली, "सोनाबाई, आमच्या खाटा अंगणात टाका. तुमी आतमंदी झोपा. तुमाले त सवय हाय."

अंगण लग्नाचा मांडव पडेल एवढं. सगळे मावलो असतो. पण या लोकांच्या शेजारी झोपणं काकूला नको होतं, हे न सांगता कळत होतं. सोनाबाई खाली बघत लेकरांची गोधडी गुंडाळायला लागली. तेच मला सहन झालं नाही.

"काकू, मला विचारून आलात ना? मग आताही मलाच विचारा. त्या आत गेल्या तर मीही आत जाते. त्या भेगेखाली."

"लै जीभ फुटली वो तुले! माह्या घरी रायते न तू?"

"राहते. नको असेन तर सांगा, परत गेल्यावर खोली सोडते." गोधडी मी सोनाबाईच्या हातातून घेतली आणि होती तिथंच पसरली. माझी खाट तिच्याशेजारी ओढली. काकू तरातरा आमच्या खोलीत गेली. शोभाताई गाडीत जाऊन बसली.

सकाळी डोळे उघडले तर काकूची खाट माझ्या खाटेला लागून. तोंड पलीकडं.

अकोल्यापर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. खोली सोड, असंही म्हणाली नाही. पुढं दुकानात ब्लाउज न्यायला आलेल्या बाईनं विचारलं, "चिखलदऱ्याले जावं काय वो? भूकंप झाला म्हंतेत."

काकूनं मशीनवरून मान वर न करता माझ्याकडं बोट केलं. "हिले विचार. लातूरची हाय."

"जा," मी म्हटलं. "खुशाल जा. फक्त त्यांचं अंगण मागू नका."

काकूची मशीन थांबली. मग पुन्हा सुरू झाली.