पाय कुठल्या दिशेला

कामथडीच्या सुतारबुवांच्या तोंडात कायम दोन खिळे असत. ‘न्हाई’ ते खिळ्यांसकट म्हणत. ‘व्हय’ म्हणायचं असलं तरच खिळे काढून हातात घेत. त्यामुळे त्यांचं ‘व्हय’ मी फार क्वचित ऐकलं.

मी आणि बायको पहिल्यांदाच परदेशी निघणार होतो, तेही मोटारीने, थेट इराणपर्यंत. त्यासाठी घेतलेल्या जुन्या व्हॅनमध्ये सुतारबुवा पलंग आणि कपाट करत होते. पासपोर्ट आणि परवान्यांसाठी दवाखाना बंद ठेवून खेटे घालून मी इतका थकलो होतो, की जाऊच नये असं वाटायचं.

त्यात पलंग उशापाशी अडला.

“डाक्टर, उसं कंच्या अंगाला?”

“कुठेही करा हो.”

“न्हाई. दक्षिनंला पाय नगंत. पर ह्ये घर रोज तोंड फिरवनार.”

“असलं काही मी मानत नाही,” मी वैतागून म्हणालो.

चार दिवस खपून त्यांनी उशाची फळी दोन्ही टोकांना बसेल अशी केली.

काम संपलं त्या दुपारी पलंग बघायला म्हणून ते आडवे झाले आणि खिळे उशाशी ठेवून तिथेच झोपले. पाय नेमके दक्षिणेला. उठवायचा मला धीर होईना. मी पुढे बसून गाडी सुरू केली आणि अंगणातच हळूहळू तिचं तोंड फिरवलं. ते हललेसुद्धा नाहीत.

जागे झाले तेव्हा दारातून अंगणातल्या चिंचेऐवजी गोठा दिसत होता. त्यांनी उशाशी ठेवलेले खिळे उचलले.

“डाक्टर, गाडी फिरिवली?”

मी मान हलवली. खिळे तोंडाकडे नेता नेता ते थांबले.

“मंग जावा आता बिनघोर,” ते म्हणाले.