सासूबाईंचे ठिपके आणि माझा

हिंजवडीला कंपन्या आल्या त्या काळात आमच्या हडपसरच्या सोसायटीत दर दुसऱ्या घरातला मुलगा सकाळी कंपनीच्या बसमध्ये चढायचा. माझा नवराही त्यातलाच. मी मात्र एका प्रयोगशाळेत मेंदूच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसायचे. शेजारणींनी चौकशी केली की सासूबाई सांगायच्या, “मुलगा कॉम्प्युटरमध्ये आहे. सून ठिपक्यात.”

तसं त्यांचं चुकत नव्हतं. रंग दिलेल्या पेशीच्या केंद्रकात एक गडद ठिपका दिसतो, त्याला केंद्रकी म्हणतात. पेशीतली प्रथिनं तयार करणारी यंत्रं म्हणजे रायबोसोम, आणि त्या यंत्रांची जुळणी या ठिपक्यात सुरू होते. मेंदूच्या बहुतेक पेशी जन्मभर त्याच राहतात, त्यामुळे हा कारखानाही जन्मभर चालावा लागतो. काही आजारांत तोच आधी बिघडतो का, हे आम्ही शोधत होतो. लग्नानंतर हे सगळं मी मोठ्या उत्साहाने समजावलं. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “आणि संध्याकाळी कधी सुटतो हा कारखाना? कुकर लावायचा असतो.”

ठिपक्यांवर त्यांचा हक्क माझ्याहून जुना होता. रोज सकाळी फ्लॅटच्या दाराबाहेर बसून त्या ठिपक्यांची रांगोळी काढायच्या, दार भरून. समोरच्या बाईंनी प्लॅस्टिकचे छाप आणले, तेव्हा यांनी जाता जाता विचारलं होतं, “छापखाना काढलात वाटतं?”

पुढे काही वर्षांनी ही रांगोळी लहान होऊ लागली. आधी पाटाएवढी झाली, मग ताटलीएवढी. ठिपके एकमेकांना खेटून पडायला लागले.

“आई, रांगोळी महागली का?” नवऱ्याने विचारलं.

“तुझ्या पगारात परवडेना,” त्या म्हणाल्या.

तो हसला. मला हसू आलं नाही, कारण मांडीवर नुसता ठेवलेला त्यांचा उजवा हात आपोआप हलत होता. मी घाबरले.

डॉक्टरांकडे त्या कुरकुरतच आल्या. डॉक्टरांनी त्यांना एक वाक्य लिहायला सांगितलं. ओळ पुढे सरकली तसं अक्षर बारीक होत गेलं. पार्किन्सन निघाला.

घरी चहा घेताना त्यांनी मला विचारलं, “म्हणजे तुझा तो ठिपका आता माझ्या डोक्यात बिघडलाय?”

“काही पेशींत तसं झालेलं असू शकतं, आई.”

“मग पेशी लगेच मरते?”

“लगेच नाही. आधी तयार झालेल्या यंत्रांवर काही काळ चालवून नेते.”

“आणि दुरुस्ती?”

“अजून कुणालाच जमलेली नाही. गोळ्यांनी हात जरा सुधारेल.”

त्यांनी मुलाकडे पाहिलं. “हिच्या लोकांचंही तुझ्या कंपनीसारखंच. पुढच्या व्हर्जनमध्ये येणार.”

त्यांचा कप बशीवर वाजत होता. आम्ही दोघंही खाली मान घालून चहा प्यायलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला दाराबाहेर बोलावलं आणि रांगोळीचा डबा माझ्या हातात दिला. “ठिपके तू काढ. पगारच ठिपक्यांचा घेतेस. रेघा मी जोडते. आहेत त्या यंत्रांवर चालवून बघू.”

मी ठिपके मुद्दाम लांब लांब ठेवले. त्यांनी चिमूट उचलली. हात थरथरला, रेघ वाकडीतिकडी झाली, पण पुढच्या ठिपक्यापर्यंत पोचली. मग त्याच्या पुढच्या. बऱ्याच वेळाने रांगोळी पुन्हा दार भरून झाली, आणि मला रडू आवरेना.

त्यांनी मान वर केली. “रड नंतर. तो कोपऱ्यातला ठिपका ओळीबाहेर गेलाय.” मग भिंतीला धरून उठता उठता म्हणाल्या, “आणि उद्या जरा लवकर ऊठ.”