मिलानची फांदी

सुचेतामावशी वर्तकांनी आयुष्यात एकच चोरी केली, आणि तीही स्वतःच्या मुलीच्या घरी. ती पचली असती तर मला हे लिहावंच लागलं नसतं.

नॉटिंगहॅममध्ये आमच्या दोघींच्या बागांमध्ये एक लाकडी कुंपण आहे, माझ्या छातीइतकं आणि मावशींच्या हनुवटीइतकं. त्या पलीकडून बोलतात तेव्हा नुसतं डोकं दिसतं, पण तेवढं पुरतं. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये बत्तीस वर्षं मायक्रोस्कोपला डोळे लावून बसलेली ही बाई. स्लाइडवरचं लेबल तिरकं लागलं तरी वर कळवायची. रिटायर झाल्यावर लॅब सुटली, सवय सुटली नाही. मी नागपूरची. ‘काम करून राहिले’ असं माझ्या तोंडून गेलं की कुंपणापलीकडून ‘करते आहे’ असं येतंच. त्यांची मुलगी स्वराली इथेच जन्मली. ती बिचारी ‘तो मांजर’ म्हणायची आणि मावशी वाक्य पुरं व्हायच्या आत ‘ते’ म्हणायच्या. नोकरीसाठी ती मिलानला गेली तेव्हा मी मनात म्हटलं, पोरगी सुटली.

मावशींच्या मागच्या दाराशी पूर्वी एक फिकट गुलाबी वेलगुलाब होता. घर घेतलं तेव्हापासूनचा. त्याचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. स्वयंपाकघर वाढवताना बिल्डरने तो एका दुपारी उपटून स्किपमध्ये, म्हणजे राडारोड्याच्या लोखंडी पेटीत, टाकला. मावशी तेव्हा कामावर होत्या. पुढे त्यांनी कितीतरी नर्सऱ्या पालथ्या घातल्या, पण नुसत्या वासाचं वर्णन करून गुलाब मिळतो थोडाच!

गेल्या ऑक्टोबरात त्या मिलानला गेल्या आणि स्वरालीच्या बाल्कनीत कुंडीतल्या गुलाबाचं शेवटचं फूल त्यांनी हुंगलं. तोच वास. लेकीला सांगून फांदी घेता आली असती. पण मागून घेतलेली फांदी लागत नाही, गुपचूप घेतलेली लागते, ही आपल्याकडची जुनी समजूत. सायन्सवाल्या मावशीही तिथे कच्च्या निघाल्या. शेवटच्या दिवशी स्वराली अंघोळीला गेली असताना त्यांनी किचनच्या कात्रीने फांदी कापली, कुंडीतली मूठभर माती घेतली, सगळं ओल्या रुमालात गुंडाळलं आणि ज्या डब्यातून चकल्या नेल्या होत्या त्याच डब्यातून परत आणलं. युरोपातून रोप आणायला आता कागदपत्रं लागतात हे त्यांना पक्कं माहीत होतं. एअरपोर्टवर छातीत इतकं धडधडत होतं म्हणे, की बॅग न उघडताच कळेल असं वाटलं.

फांदी लागली. जूनमध्ये तिला पहिली कळी आली, आणि त्याच आठवड्यात पानांची चाळणी झाली.

“मालविका, जरा इकडे ये.”

मावशी कुंपणापाशी उभ्या होत्या. हातात जॅमची बाटली, आत दोन भुंगे. डोकं हिरवं चकचकीत, पाठ तांब्याच्या रंगाची.

“जपानी भुंगा,” त्या म्हणाल्या. “गार्डन सेंटरमध्ये पोस्टर आहे. इथे इंग्लंडमध्ये नाही तो अजून. दिसला तर रिपोर्ट करा म्हणतात. आणि कुठे पसरलाय माहितीये? नॉर्थ इटलीत.”

मग कुंपणाला धरून त्यांनी मला चकलीच्या डब्याची सगळी हकिगत सांगितली. अळ्या मातीत राहतात, गवताची मुळं खातात. माती त्यांनी स्वतःच्या हाताने आणली होती. मला आधी हसू आलं, मग त्यांचा चेहरा बघून गेलं.

“पोस्टरवर पांढरे ठिपके आहेत,” त्या म्हणाल्या. “केसांचे झुबके. दोन्ही बाजूंना पाच पाच. माझ्या डोळ्यांना मोतीबिंदू. तू मोज.”

मी मोजले. मला एकही दिसला नाही. पांढुरके केस मात्र होते, आणि मी आहे अकाउंट्सवाली.

“नाहीयेत. टाकून द्या आणि विसरून जा.”

“आणि तुझं चुकत असेल तर? अख्ख्या रस्त्याचे गुलाब जातील. तुझं लॉन जाईल.”

“मग नुसता फोटो पाठवा. मिलानचं कशाला सांगायचं?”

माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं की मी बाटली त्यांच्या हातात परत दिली. पण मेल त्या दिवशी गेला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका कळवणाऱ्या बाईला स्वतःची कळवताना बोटं चालेनात, आणि खरं म्हणजे कळवलं की फांदी जाणार हेही त्यांना दिसत होतं. तोवर आम्ही दोघी रोज सकाळी सहाला बागेत. गारव्यात भुंगे सुस्त असतात. गुलाबांखाली मी जुनी चादर धरायची, मावशी फांदी झटकायच्या, आणि पडलेला ऐवज साबणाच्या पाण्यात. औषध फवारलं असतं, पण मधमाश्या मरतात म्हणून मावशींचा त्याला विरोध. कळीवरचे भुंगे त्या एकेक करून बोटांनी उचलत. कळी दर दिवशी थोडी सैल होत होती.

चौथ्या दिवशी त्या कुंपणाशी आल्या आणि म्हणाल्या, “पाठवला. सगळं लिहिलं. डबासुद्धा.”

दोन दिवसांनी सरकारी खात्याची एक तरुण बाई आली. तिने भिंगातून भुंगे पाहिले आणि हसली. हे इथलेच, गार्डन चेफर, जूनमध्ये येतात आणि काही आठवड्यांत जातात, म्हणाली. मी टाळी वाजवायच्या बेतात होते. पण मग ती फांदीकडे वळली. कागद नाहीत, माती परदेशची, तेव्हा ती ठेवता येणार नाही. फार सौम्यपणे बोलली. मावशी म्हणाल्या, मीच काढते. त्यांनी मुळांसकट फांदी उकरली, एकात एक घातलेल्या दोन पिशव्यांत भरली, वर स्वच्छ अक्षरात लेबल लावलं, सरळ. कळी उमलायला फार तर दोन दिवस राहिले होते. मला भयंकर राग आला, कुणाचा ते मात्र सांगता येईना.

संध्याकाळी त्यांनी स्वरालीला फोन लावला, स्पीकरवर. मी चहा करत होते. लेकीसमोर चोरी कबूल करायची म्हणून मावशी खुर्चीत ताठ बसल्या होत्या.

स्वरालीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “आई, मीपण चोरी केलं होतं. बिल्डरने त्याला स्किपमध्ये टाकला ना, तेव्हा. मी स्कूलमधून आले, एक ब्रँच ओढून काढली, शेडच्या मागे पॉटमध्ये लावली. तूच म्हणायची, सांगितलं तर लागत नाही. मग नाही सांगितलं. युनिव्हर्सिटीला नेली, मग इकडे आणली. तेव्हा अलाउड होतं.”

मावशींनी टेबलाची कड धरली.

“तो गुलाब तुझी आहे, आई,” स्वराली म्हणाली. “इथे आहे. सेफ आहे.”

‘तुझी’. मी किटली हातात धरून थांबले, आता ‘तुझा’ येणार म्हणून.

मावशींच्या गालांवरून पाणी वाहत होतं. “हो गं,” त्या म्हणाल्या. “माझी आहे.”