एका गोणीसाठी परत पाठवलेली मेंढरं

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. औरंगाबादला एक वर्ष काढून उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी आलो तेव्हा माझ्याजवळ दोन सदरे आणि रसायनशास्त्राचे एक पुस्तक होते, निजामाच्या राज्यातले म्हणून उर्दू. सल्ला देण्याचा धीर नव्हता. पण वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणायचो, जेवताना स्वतःच विचारायचे, "काय शिकून राह्यलास?" आणि घास हातात धरून उत्तराची वाट बघायचे. अशा माणसाला "अजून फारसं कळलेलं नाही" हे खरे उत्तर मला देता आले नाही.

मी म्हणालो, "पिकाला नायट्रोजन लागतो."

"कुठं भेटतो?"

"परतूरला. दुकानात. गोणीत."

परतूरच्या बाजारात मी अमोनियम सल्फेटची गोणी पाहून आलो होतो. पांढरेशुभ्र, साखरेसारखे खत. पुस्तकात एक तक्ता होता: शेणखतात नायट्रोजन किती, लेंडीखतात किती, सल्फेटमध्ये किती. तो मला तोंडपाठ होता. तक्त्याखाली बारीक अक्षरांत चार ओळी होत्या. त्या परीक्षेत येत नाहीत असे वरच्या वर्गातल्यांनी सांगितल्यामुळे मी त्या वाचल्या नव्हत्या.

दर चैत्रात विहिरीजवळच्या आमच्या मिरचीच्या तुकड्यात एक धनगर मेंढरं बसवायचा. दिवसभर बाहेर चरून आलेला कळप संध्याकाळी जाळीच्या कुंपणात कोंडायचा, म्हणजे लेंडी आणि मूत आपल्याच रानात पडते. सकाळी जाळी पुढे सरकवायची. आठ-दहा दिवसांत सगळा तुकडा खतावून निघे. बदल्यात धनगराला जोंधळे. त्याच्या फेरीत प्रत्येक रानाची पाळी ठरलेली असे, आणि ती सोडली की कायमची शेजाऱ्याकडे जाई. हे मला लहानपणापासून माहीत होते. तरी त्या वर्षी तो दारात आला तेव्हा मीच पुढे झालो.

"मामा, औंदा मेंढरं नकोत. आम्ही गोणी आणली."

त्याने गोणीकडे पाहिले. "धाकले मालक, किती मेंढरं हाईत हिच्यात?"

ओट्यावरची माणसे हसली. ही थट्टा आहे हे मला कळले नाही. मी तक्त्यावरून हिशेब सांगू लागलो. तो संपला तेव्हा मामा शेजाऱ्याच्या बांधापाशी पोचला होता. दादा गोणी आत ठेवायला उठले. शिकलेल्या मुलाला चारचौघांत कसे अडवायचे, असा त्यांना प्रश्न पडला असावा.

ज्येष्ठात विहिरीच्या पाण्यावर मिरची लावली. रोपांनी जीव धरला तशी मी बाह्या सावरून खत घातले. शेणखत आपण रोपाच्या बुडाशी ओंजळ-ओंजळ टाकतो. मीही सल्फेट बुडाशीच टाकले. ओंजळीऐवजी मूठ, एवढीच शास्त्राला सवलत. काही रोपे मला फार बारीक वाटली. त्यांची दया येऊन त्यांना आणखी थोडे घातले.

तिसऱ्या दिवशी पाने कडेने करपली. दया आलेली रोपे आधी गेली.

दादांनी दोन दिवस मोट चालवून तुकडा धुऊन काढला. शेजारी बांधावरून ओरडला, "काय झालं हो मिरचीला?"

"ऊन लागलं," दादा म्हणाले.

आभाळ भरून आलेले होते. शेजाऱ्याने वर पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि भला माणूस असल्यामुळे निघून गेला.

मग बारीक अक्षरांतल्या त्या चार ओळी वाचल्या. हे खत बुडाला लागू देऊ नये, थोडेच घालावे, आणि ते जमिनीत घातलेल्या शेणखताच्या जोडीला द्यावे, त्याच्या जागी नव्हे.

जगलेली रोपे मात्र दिवाळीला अशी हिरवीगार झाली होती, की मी कॉलेजातल्या मित्रांना फक्त तेवढ्यांचीच हकिकत सांगितली. पौषात त्यांचा बहर सरला. शेजाऱ्याची मिरची अजून तोडायला येत होती. दादांनी आमच्या रानातले एक ढेकूळ उचलून माझ्या हातात दिले. ते फुटेना. मग बांधापलीकडचे दिले. ते बोटांतच भुगा झाले. "बघ," एवढेच म्हणाले.

पुढच्या चैत्रात मामाचा कळप आमच्या गावच्या शिवारात आला आणि सरळ शेजाऱ्याकडे उतरला. आमची पाळी गेली, या विचाराने माझे जेवणात लक्ष लागेना. दादा म्हणाले, "तू पाठवलंस, तूच आन बोलावून."

वाटभर मी वाक्ये जुळवली. मामा लोकर कातरत होता. मला पाहून त्याने कात्री थांबवली नाही.

"या धाकले मालक. मेंढरं संपली वाटतं गोणीतली?"

"मामा, माझं चुकलं. पुस्तक अर्धंच वाचलं होतं. आमची पाळी..."

"पाळी कुठं गेलीया?"

"मी तुम्हाला परत पाठवलं होतं ना."

"तुमी पाठवलं. तुमच्या बापानं न्हाई." त्याने मेंढी उलटी केली. "मागल्या साली दुसऱ्या दिवशीच जोंधळे घेऊन आल्ता. म्हनला, पोरगं शिकून राह्यलंय, शिकू दे. रानाची पाळी तेवढी मोडू नको. हितलं आटपलं की परवा येतो. पर जाळी तुमी सरकवायची."

आठ सकाळी मी खुंट्या उपटल्या आणि पुढे ठोकल्या. मामा चिलीम ओढत सांगायचा, "जल्दी न्हाई. बराबर ठोका, शिकलेल्यावानी."

उरलेल्या सल्फेटचा गोणीतच दगड झाला होता. त्या ज्येष्ठात मिरची लागल्यावर दादांनी तो मोगरीने फोडला आणि लेंडीखताच्या त्या रानात, प्रत्येक रोपापासून वीतभर दूर, तीन बोटांच्या चिमटीने घातला. एकही पान करपले नाही. मला त्यांनी काही विचारले नव्हते. मी बांधावर उभा होतो, आणि विचारायला हवे होते असे मला क्षणभर वाटलेच.