पांडवलेणीचे मास्तर

आमच्या मास्तरांनी आयुष्यात कधी शाळेत शिकवलं नाही. ते विल्होळीवरून नाशिकला जाणाऱ्या एसटीचे कंडक्टर होते. आमच्याकडे कंडक्टरला मास्तरच म्हणतात, पण इतरांना ती नुसती हाक होती, यांना ती शोभायची. आम्हा शाळकरी पोरांचा पास बघायला हात पुढे करायचे आणि त्याच दमात विचारायचे, "बोल, आसामची राजधानी?" उत्तर बरोबर आलं की खिडकीची जागा मिळायची. त्यासाठी खिडकीत बसलेल्या थोरामोठ्यांना उठवायलाही ते कमी करत नसत. "बाबा, जरा इकडं सरका. पोरानं दिसपूर सांगितलंय." बाबाही मुकाट सरकायचे. उत्तर चुकलं तर पास परत देत म्हणायचे, "उद्या सांग." आणि दुसऱ्या दिवशी भरगच्च गाडीतून वाट काढत येऊन नेमका तोच प्रश्न नेमका त्याच पोराला विचारायचे.

मास्तर मूळचे विंचूरचे. आठवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. पण प्रवासी सीटवर टाकून गेलेला एकही पेपर त्यांनी वाया जाऊ दिला नाही. शेवटच्या थांब्यावर गाडी रिकामी झाली की ते पेपर गोळा करून वाचत बसायचे. "जग फुकटात वाचायला मिळतंय, अन् लोकं त्याच्यावर भेळ खात्यात," असं वैतागून म्हणायचे. आवडलेली कात्रणं तिकिटांच्या पेटीत तळाशी ठेवलेली असायची. कुणी वाद घातला की पेटी उघडून पुरावा नाकासमोर धरायचे. मास्तर खोटं बोलत नाहीत, अशी त्या रस्त्यावर ख्याती होती. शिष्यवृत्तीच्या परीक्षेत मला पडलेले निम्मे मार्क त्यांचेच होते, हे मी आजही कुणालाही सांगतो.

गाडी डोंगराच्या पायथ्याशी आली की मास्तरांना विशेष चेव यायचा. "पांडवलेणी! चला उतरा, पांडवलेणीवाले!" एवढं ओरडून ते थांबत नसत. खिडकीतून वर बोट दाखवून नव्या प्रवाशांना सांगायचे, "वनवासात असताना पांडवांनी एका रात्रीत कोरली. भीमानं नुसत्या हातानं दगड उपसलाय!" परगावची माणसं माना उंचावून वर बघायची. आम्ही पोरं तर भीम आत्ता खाली उतरेल अशा थाटात बघायचो.

मग मी कॉलेजात गेलो. इतिहासाच्या सरांनी एकदा आमचा वर्गच्या वर्ग त्या डोंगरावर चढवला. ही लेणी बौद्ध भिक्खूंच्या निवासासाठी कोरली आहेत, दोन हजार वर्षांपूर्वी राजांनी आणि व्यापाऱ्यांनी त्यासाठी दान दिलं, हे भिंतीवर लिहून ठेवलंय, असं सांगत सरांनी ब्राह्मी अक्षरांवरून बोट फिरवलं. पांडवांचा त्यात कुठेच पत्ता नव्हता. गंमत म्हणजे संध्याकाळी परत जायला खाली मास्तरांचीच गाडी मिळाली. मला बघून ते खूश झाले आणि शेजारच्या पाहुण्याला सांगू लागले, "भीमानं नुसत्या हातानं..." माझ्या ओठांवर आलं होतं, पण मी गिळलं. ज्यांनी मला खिडकीत बसवलं त्यांना चारचौघांत खोटं कसं पाडायचं? मी मान डोलावली.

निवृत्तीनंतर मास्तर पाथर्डी फाट्याजवळ मुलाकडे राहायला आले. मी अंबडच्या एका कारखान्यात हिशेबनीस झालो, लग्न झालं, मुलगा झाला. दर दिवाळीत मी त्यांच्याकडे जायचो आणि आम्ही दोघं मिळून हल्लीच्या पोरांची यथेच्छ निंदा करायचो. देश आधी स्वतंत्र झाला की महाराष्ट्र आधी झाला, हे माझ्या मुलाला मोबाइल काढल्याशिवाय सांगता येत नव्हतं. मास्तरांची नात सायली अकरावीत होती, तिचीही तीच गत. "सगळं त्या डबड्यात हाय, डोक्यात काय नाय," मास्तर म्हणायचे. मी जोरात हसून साथ द्यायचो. आपली पिढी कशी भरलेली, ही कशी रिकामी, या विषयावर आमचं कधीच दुमत झालं नाही.

गेल्या दिवाळीत मी मुलाला सोबत नेलं होतं. त्यांच्या गॅलरीतून तो डोंगर समोर दिसतो. मास्तरांनी मुलाला जवळ घेतलं आणि सवयीने सुरू केलं, "ते बघ, पांडवांनी एका रात्रीत..."

"नाही हो आजोबा," चकल्यांची ताटली ठेवत सायली म्हणाली, "ती बौद्ध लेणी आहेत. पांडवांचा काही संबंध नाही."

"मोबाइलात बघितलंस?"

"वर जाऊन बघितलं. माझ्या मैत्रिणीची आजी दर बुद्धपौर्णिमेला जाते. या वेळी मीपण गेले होते. तिच्या आजीनं सगळं दाखवलं." मग तिने अगदी सहज विचारलं, "तुम्ही कधी गेलाय वर?"

मास्तरांनी डोंगराकडे बघितलं. तीस वर्षं त्या डोंगराखालून दिवसातून चार-चार वेळा गेलेला हा माणूस एकदाही वर चढला नव्हता. गाडी थांबायचीच किती वेळ! ते माझ्याकडे वळून म्हणाले, "तू सांग रे हिला. तू शिकलेला हायस."

सायली माझ्याकडे बघत होती, माझा मुलगाही. मी म्हणालो, "तसं काय, लोक दोन्ही सांगतात, मास्तर." हे वाक्य आठवलं की मला आजही माझी लाज वाटते.

पुढे काय झालं ते मला नंतर समजलं. आठवड्याभरात मास्तर सायलीला घेऊन डोंगर चढले. दोनशेच्या वर पायऱ्या आणि गुडघे पार कामातून गेलेले. वरून उतरल्यावर त्यांनी दोन दिवस विश्रांती घेतली आणि मग फोन लावायला सुरुवात केली. जुने ड्रायव्हर, रोजचे प्रवासी, नोकरीला लागलेली पासवाली पोरं, ज्याचा म्हणून नंबर मिळाला त्या प्रत्येकाला.

मलाही फोन आला. "पांडवलेणीचं मी तुला चुकीचं सांगितलं होतं. ती भिक्खू लोकांची हायेत. मी डोळ्यांनी बघून आलो. दुरुस्त करून घे."

मला एवढं सुटल्यासारखं वाटलं की मी बोलून गेलो, "अहो मास्तर, एवढं काय मनाला लावून घेता? मला कॉलेजात होतो तेव्हापासून माहीत होतं."

 मग मास्तर हळू आवाजात म्हणाले, "कॉलेजात होतास तेव्हापासून? त्याच्यानंतर लय वर्षं गाडी चालली रे माझी. लय माणसं बसली तिच्यात." आणि फोन ठेवला.

उद्या जाऊ, रविवारी जाऊ, असं करत मी त्यांच्याकडे गेलो नाही. फेब्रुवारीत मास्तर झोपेतच गेले. मी गेलो तेव्हा घरी माणसांची रीघ होती. त्यातल्या बऱ्याच जणांना तो फोन आला होता. कुणी हसून सांगत होतं, कुणी डोळे पुसत.

निघताना सायली दारापर्यंत आली. म्हणाली, "चढताना दर दहा पायऱ्यांना थांबत होते. मी म्हटलं, परत जाऊया. ऐकेनात. मला म्हणाले, तू बोललीस ते बरं केलंस." मग तिने विचारलं, "काका, तुम्हाला आधीपासून माहीत होतं ना? आजोबा सांगत होते."

मी हो म्हणालो. मग तेव्हाच सांगितलं का नाही, हे त्या पोरीला ऐकायचं होतं, ती थांबली होती. मी खाली वाकून चपला शोधू लागलो.