पुलावरच्या भुताची काडीपेटी

भुताला काडीपेटी लागते, हे मला लग्नानंतर चौथ्या महिन्यात कळलं. तोवर भुतांविषयी माझं ज्ञान माहेरापुरतं, म्हणजे अमरावतीकडच्या एका चिंचेवरच्या हडळीपुरतं होतं. तिला काही द्यावं लागत नसे. आपण तिच्या वाटेला गेलो नाही की झालं.

आम्ही पनागरला भाड्यानं राहायचो. हे जबलपूरच्या एका सरकारी कारखान्यात लागले होते, पण अजून पक्के झाले नव्हते, आणि क्वार्टर पक्क्यांनाच मिळायचं. म्हणून रोज सायकलनं जाणं-येणं. वाटेत एका नाल्यावर दगडी पूल होता. दिवसा त्याच्याकडे कुणी मान वळवून बघणार नाही इतका साधा. पण आमच्या घरमालकीण चाची म्हणाल्या, "बहू, दिन डूबे के बाद वहाँ बीड़ीवाला बैठता है।"

बिडीवाला म्हणजे कुणी जुना गाडीवान. त्याची बैलगाडी पुलावरून खाली गेली तेव्हा त्याच्या ओठांत बिडी होती आणि ती पेटवायची राहून गेली. तेव्हापासून तो कठड्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतो, "भैया, माचिस है?" दिली तर आशीर्वाद देतो. नसली तर सायकलच्या कॅरिअरवर बसून घरापर्यंत येतो, मग आठ दिवस ताप. "और जिसने उसको झिड़क दिया, उसका तो..." एवढं बोलून चाची तांदूळ निवडू लागायच्या. ते न सांगितलेलंच मला जास्त छळायचं.

मी यांना सांगितलं. हे हसले.

"त्याले म्हणावं, डॉक्टरनं बिडी बंद करायला सांगितली."

"अहो, थट्टा काहून करून राहिले? तुम्ही बिडी ओढत नाही. तुमच्या खिशात माचिस येणार कुठून?"

"तेच तर. इतका निर्व्यसनी माणूस पाहून भूतच पाया पडेल."

कारखान्यात हे नेमकं काय करतात, ते मला ठाऊक नव्हतं. विचारलं की म्हणायचे, "काम करतो. तिथलं इथं बोलायचं नसते." घरी येताना यांच्या हातांना साबणाचा वास असायचा. इतके स्वच्छ हात म्हणजे टेबलाशी बसून कागदांचं काम असणार, असं मी ठरवून टाकलं आणि माहेरी तसं पत्रही लिहिलं.

मग लढाई लागली. खिडक्यांना काळे कागद लागले, सायकलच्या दिव्याचा वरचा अर्धा भाग काळा रंगवावा लागला. यांची कामाची पाळी लांबली. हे चांगलं अंधारून आल्यावर घरी यायचे, आणि रस्त्यात कुठे मिणमिणता दिवासुद्धा नाही. त्यात एकदा यांना ताप आला. दोन दिवसांचा साधा थंडीचा ताप. पण चाचींनी कपाळाला हात लावला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बैठ गया कैरियर पे।"

झालं. तिसऱ्या दिवशी हे कामावर निघाले तेव्हा मी डब्याच्या पिशवीत, घडी घातलेल्या फडक्याखाली, नवी कोरी काडीपेटी ठेवून दिली. यांना सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर काढून ठेवली असती. आता भुतानं मागितल्यावर ती आपल्याजवळ आहे हे यांना कळणार कसं, हा प्रश्न मला पडला नाही. भूत आपलं आपण शोधून घेईल, अशी माझी समजूत असावी.

सकाळी दहालाच हे परत आले. डबा तसाच.

"गेटावर झडतीत माचिस निघाली," हे म्हणाले.

"मग? परत दिली ना त्यांनी?" मी विचारलं. यावर आमच्या घरात आजही लोक जमिनीवर लोळून हसतात. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

तेव्हा मला कळलं, की तिथं दारूगोळा भरतात, निघताना हात त्यासाठीच साबणानं धुतात, आणि त्या गेटातून आत एक काडीसुद्धा नेता येत नाही. ओढणारे लोक आपल्या बिड्या-काड्या बाहेरच्या पानटपरीवर ठेवूनच आत जातात. त्यात लढाईचे दिवस. माचिस कोणी दिली ते उद्या लिहून द्यायचं, नाही तर नाव कटलं. पक्क्या नसलेल्या माणसाचं नाव कापायला किती वेळ लागतो?

"माझं नाव सांगा ना."

"काय लिहू? बायकोनं भुतासाठी दिली? तिथं लोक विचारून राहिले का तुले कोणी पाठवलं. मी लिहितो, रस्त्यात सापडली."

"सापडलेली माचिस फडक्याखाली घडीत कोण ठेवते?"

दुसऱ्या दिवशी कॅरिअरवर बसून मी गेले.

गेटाजवळच्या खोलीत साहेब होते आणि दाराशी आदल्या दिवशी झडती घेणारा जमादार. माझं हिंदी तेव्हा चार महिन्यांचं.

"साहब, माचिस मैंने रखी। इनके लिए नहीं। भूत के लिए।"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "किसके लिए?"

"पुल का भूत, साहब। उसको माचिस लगती है। नहीं दी तो बुखार आता है। इनको आया था।"

हे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे असं बघत होते, जणू या बाईशी आपला काही संबंध नाही. साहेबांनी जमादाराकडे मान वळवली. "तुम भी उधर से ही आते हो न? है कोई भूत-वूत?"

जमादार ताठ उभा राहिला. "साहब, मैं तो नहीं मानता।"

साहेबांनी पेन परत उचललं.

"लेकिन," जमादार समोर बघतच म्हणाला, "शाम को टपरी से माचिस लेकर ही जाता हूँ।"

"बीड़ी पीते हो?"

"नहीं, साहब।"

साहेब बराच वेळ कागदावर वाकून होते. खांदे हलत होते. मग त्यांनी लिहिलं, ताकीद देऊन उद्यापासून कामावर घ्यावं. कारण: पत्नीचं अज्ञान. मी काही बोलणार, तेवढ्यात यांनी माझ्या पायावर पाय दिला. सही करताना साहेब हसत नव्हते. म्हणाले, "बहनजी, अंदर माचिस की एक तीली जल गई, तो शाम को किसी की साइकिल घर नहीं जाएगी।"

परतताना कॅरिअरवर बसून मी माझ्याच हातांकडे बघत होते. भुतापासून वाचवायला निघालेली मी, आणि ती काडीपेटी याच हातांनी ठेवली होती.

"बोलत काहून नाही?" हे म्हणाले. "आज तर तू साहेबाले जिंकलं."

"तुम्ही मला सांगायला पाहिजे होतं."

"तिथलं बोलायचं नसते." बरंच अंतर गेल्यावर हळूच म्हणाले, "पण इतकं तरी सांगायला पाहिजे होतं."

पुलाच्या कठड्यावर मटाराच्या शेंगांची गाठोडी घेऊन दोन बाया बसल्या होत्या. यांना भरदुपारी बघून एकीनं हाक दिली, "क्यों भैया, आज इतनी जल्दी छुट्टी?"

"हाँ," हे म्हणाले, "आज घरवाली लेने आई थी।"